लक्ष्मीच्या नावावरचे चार नंबर

गच्चीवर मिरच्या पसरून झाल्या की लक्ष्मी तावडे खाली येऊन आधी दोन्ही हात ताकात बुडवून बसायची. पाच मिनिटं. मग पुसून देठं खुडायला घ्यायची. मार्चच्या मध्यापासून मे संपेपर्यंत तिचा दिवस असाच सुरू व्हायचा.

लालबागच्या त्या चाळीत ती तिसऱ्या मजल्यावर राहायची. लोकांना वर्षाचा मसाला करून द्यायचं काम ती अकरा वर्षं करत होती. गिऱ्हाईक यादी द्यायचं. ती बाजारातून बेडगी, संकेश्वरी, लवंगी निवडून आणायची, गच्चीवर दोन-तीन उन्हं दाखवायची, देठं काढायची, धने, दगडफूल, त्रिफळं वेगवेगळी भाजायची आणि सगळं डोक्यावरून मसाला कुटायच्या डंकावर न्यायची. मुसळं वर-खाली होत असताना तिथेच उभी राहायची, कारण नजर हलली तर दुसऱ्याची पूड आपल्या डब्यात. नवरा दौलत पूर्वी गिरणीच्या सूतखात्यात होता. गिरणी बंद पडल्यावर तो कॉटन ग्रीनच्या एका गोदामावर वॉचमन झाला आणि या शिमग्यापासून गुडघ्यांमुळे घरीच होता. तोंडाला पंचा बांधून तो देठं खुडायचा. ठसका आला की गॅलरीत जायचा, खोकून परत येऊन बसायचा. मुलगी मेघना परळच्या एका लॅबमध्ये लोकांचं रक्त काढायच्या कामावर होती. ती सकाळी सातला जायची.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात, ऐन कामाच्या गर्दीत, हवालदार आला. बारा वाजून गेले होते. गॅलरीत चार बायका बसल्या होत्या, शेजारची राधा सुपात धने पाखडत होती. हवालदार जिन्याच्या तोंडाशीच थांबला आणि त्याने कागदावरचं नाव मोठ्याने वाचलं, लक्ष्मी दौलत तावडे कोण. राधाचं सूप थांबलं. लक्ष्मी हात पदराला पुसत उठली. हवालदार बोलायला गेला आणि त्याला शिंका सुरू झाल्या. एकामागून एक सात-आठ. लक्ष्मीने पाणी आणून दिलं. तो ते प्यायला, पण आत बसायला तो तयार झाला नाही.

त्याने सांगितलं ते तिला पहिल्यांदा कळलंच नाही. तिच्या नावावरच्या मोबाइल नंबरवरून दादरच्या एका म्हाताऱ्या बाईंना फोन गेला होता. त्या बाईंच्या खात्यातून पैसे गेले होते. उद्या अकरा वाजता आधार कार्ड घेऊन पोलीस स्टेशनला हजर राहायचं. लक्ष्मीने आपला साधा फोन पुढे केला आणि माझा नंबर हा एकच, म्हणाली. तो म्हणाला, मावशी, तुमच्या नावावर चार आहेत. कागदावर सही घेऊन तो उतरला.

दौलत त्या दिवशी जेवला नाही. संध्याकाळी मेघनाने कागद वाचून दाखवला तेव्हा तो भिंतीकडे तोंड करून पडला होता. तसाच म्हणाला, "संपात दीड वर्ष घरात बसलो, उपाशी रवलो. पण पोलीस या दारात कधी इलो नव्हतो."

लक्ष्मीला वाटलं, तो आपल्याला बोलतोय. तो नशिबाला बोलत होता, पण तसं त्याने सांगितलं नाही.

सकाळी सात वाजता समोरच्या बिल्डिंगमधल्या प्रितीने आपल्या मिरच्या परत मागवल्या. यंदा राहू दे, सासूबाई गावावरून मसाला पाठवणार आहेत, असा निरोप होता. मिरच्यांना दोन उन्हं लागून गेली होती. लक्ष्मीने त्या निवडून, पिशवीचं तोंड सुतळीने बांधून दिल्या. नऊपर्यंत आणखी एक निरोप आला. तिने हात धुतले, धुवट साडी नेसली आणि मेघनाबरोबर निघाली.

पोलीस स्टेशनात आधारची झेरॉक्स मागितली म्हणून मेघना बाहेर दुकानात गेली, तिथे रांग होती. लक्ष्मी बाकावर एकटीच बसली. शेजारी एक वयस्क बाई होत्या. पिस्ता रंगाची साडी, मांडीवर कापडी पिशवी, तिच्यात प्लॅस्टिकची फाइल. त्यांना शिंक आली. दुसरी आली. मग त्यांनी लक्ष्मीकडे पाहून विचारलं, मसाला करता का. लक्ष्मीला ओशाळल्यासारखं झालं. कितीही धुतलं तरी वास जात नाही, ती म्हणाली. त्या बाई म्हणाल्या, जाऊ नये, छान वास आहे. नवरा गेल्यापासून त्यांनी घरी मसाला केला नव्हता. मालवणी मसाल्यात त्रिफळं घालतात ती बियांसकट की बिया काढून, असं त्यांनी विचारलं, आणि लक्ष्मी सांगत बसली. बिया काढायच्या, कचकच लागतात. टरफलं तेवढी ठेवायची, मंद आचेवर भाजायची. दगडफूल आधी निवडायचं, त्यात माती असते. अर्धा तास गेला. त्या बाईंनी आपल्या बाटलीतलं पाणी तिला दिलं. आदल्या दुपारपासून तिच्याशी कुणी इतकं सरळ बोललं नव्हतं.

आतून नावं पुकारली. नलिनी करंदीकर आणि लक्ष्मी तावडे. दोघी एकदमच उठल्या.

सबइन्स्पेक्टर गौतम मोहिते पस्तिशीचा असेल. समोरच्या खुर्च्या दाखवून तो नलिनीबाईंना म्हणाला, तुमच्या दोघींचे जबाब आज एकत्रच उरकतो; तुम्हाला फोन आला तो नंबर यांच्या नावावर आहे. नलिनीबाईंनी लक्ष्मीकडे पाहिलं. मग दोघींच्या मध्ये ठेवलेली आपली पिशवी उचलून त्यांनी पलीकडच्या मांडीवर घेतली.

लक्ष्मीने ते पाहिलं. हवालदाराने चार माणसांत नाव पुकारलं तेव्हाही तिला इतकं लागलं नव्हतं.

नलूताई, कारण पुढे लक्ष्मी त्यांना तेच म्हणायला लागली, दादरला एकट्या राहत. एका शाळेच्या ऑफिसात बत्तीस वर्षं क्लार्क होत्या. मार्चमध्ये त्यांना एका बाईचा फोन आला होता. तुमचा हयातीचा दाखला नोंदला गेलेला नाही, पेन्शन थांबेल, आत्ता फोनवर आलेला आकडा सांगा, मी नोंदवते. आवाज गोड, बोलणं शुद्ध मराठी. नंबर इथलाच. नलूताईंनी आकडा सांगितला.

गौतमने कॉम्प्युटरचा पडदा त्यांच्याकडे वळवला. लक्ष्मीच्या नावाचे चार अर्ज होते. चारही जानेवारीतल्या एकाच दिवशीचे, बारा-तेरा मिनिटांच्या आतले. चारही अर्जांवर तिचाच फोटो. तीच जांभळी साडी, हातात तेच डब्याचं गाठोडं, मागे मोबाइल कंपनीच्या छत्रीचा पट्टा. फक्त मान कधी इकडे, कधी तिकडे. गौतमने विचारलं, हे कुठलं.

लक्ष्मीला ते आठवायला वेळ लागला नाही. कॉटन ग्रीन स्टेशनच्या बाहेर. ती दौलतचा डबा द्यायला गेली होती आणि जुनं सिम बंद पडलं म्हणून नवीन घ्यायचं होतं. छत्रीखाली एक मिशीवाला माणूस बसला होता. त्याने फोटो काढला, मशीनवर अंगठा लावायला सांगितला. म्हणाला, नाही लागला, बोटं घासलीत तुमची, परत लावा. परत फोटो काढला, हलला म्हणून. परत अंगठा. आपला रुमाल दिला अंगठा पुसायला. चार वेळा. तिला आई म्हणत होता.

"मी त्याला म्हटलं, बाबा, माझ्यामुळे तुला केवढा त्रास," लक्ष्मी म्हणाली. "डब्यातली एक नारळाची वडी काढून दिली त्याला."

गौतम म्हणाला, पहिल्याच वेळी अंगठा लागला होता, मावशी. प्रत्येक वेळी लागला. एक सिम त्याने तुम्हाला दिलं आणि तीन ठेवून घेतली. अशा घासलेल्या बोटांची माणसं तो निवडूनच घेत असणार, कारण ज्यांना मशीन नेहमीच नाही म्हणतं, त्यांना संशय येत नाही. मग तीन सिम पुढे विकायची. फोन करणारी बाई भलतीच कुणीतरी, नंबर तुमचा, पकडायला जावं तर तुमचं दार.

लक्ष्मीने हात मांडीवर उलटे ठेवले होते. ते तिने सुलटे करून पाहिले.

अर्जाखाली इंग्रजीत वळणदार सही होती. लक्ष्मीला मराठीत नाव लिहिता येई, इंग्रजी येत नव्हतं. गौतमने कोऱ्या कागदावर तिची सही घेतली आणि ती अर्जाशेजारी धरली. तरी जबाब लिहून घ्यावा लागेल, तो म्हणाला, आणि वरचे साहेब बघतील. तेव्हा नलूताई बोलल्या.

"माझ्याही जबाबात लिहा. मी बत्तीस वर्षं शाळेचा फोन घेतलाय, मला आवाज कळतो. ती बाई ही नव्हे. मी यांच्याशी बाहेर अर्धा तास बोलत बसले होते." मग त्यांनी पिशवी उचलून पुन्हा दोघींच्या मध्ये ठेवली. "आणि मला एकटीला फसवलेलं नाही. यांनाही फसवलंय, तेही लिहा."

गौतमने लिहिलं. मेघना झेरॉक्स घेऊन दारात उभी होती. तिने आईला रडताना पाहिलं आणि ती घाबरली. पण लक्ष्मीला घाबरण्यासारखं आता काही वाटत नव्हतं. कुणीतरी तिच्या बाजूने सरकारी कागदावर बोललं होतं.

काम मात्र संपलं नव्हतं. तीनपैकी दोन नंबर अजून चालू होते. पोलीस त्यांच्या बाजूने कळवणार होते, पण गौतम म्हणाला, तुम्हीही आजच्या आज कंपनीच्या दुकानात जाऊन बंद करायला लावा. मध्ये आणखी कुणाला फोन गेला तर पुन्हा तुमचंच नाव. नलूताई म्हणाल्या, मी येते. मेघनाने त्यांना सांगून पाहिलं की ऊन आहे, लांब आहे. त्या जिना उतरायला लागल्या होत्या.

दुकानात थंड हवा होती. काउंटरवरच्या मुलीचं नाव रुचा, बिल्ल्यावर लिहिलेलं. तिने मशीन पुढे सरकवलं. लक्ष्मीने अंगठा लावला. लाल दिवा. पुसून लावला. लाल दिवा. दहाही बोटं झाली. महिनाभर मिरच्या आणि कढई यांत घासलेल्या बोटांवर आता खरंच काही उरलं नव्हतं. रुचा हळू आवाजात म्हणाली, ओळख पटत नाही, त्यामुळे तुमचे नंबर मला बंद करता येणार नाहीत. मागे रांग होती. कुणीतरी म्हणालं, आजी, उद्या या. लक्ष्मी बाजूला झाली. चोराला तिच्या नावाने चार वेळा होकार मिळाला होता आणि तिला स्वतःला मिळत नव्हता.

नलूताई खुर्ची ओढून काउंटरसमोर बसल्या. त्यांनी फाइलमधून कोरे कागद काढले, पेनाचं टोपण उघडलं आणि दोन प्रतींत अर्ज लिहायला घेतला. शाळेच्या दाखल्यांवर असतं तसं अक्षर. तारीख, विषय, तिन्ही नंबर, पोलिसांच्या कागदाचा क्रमांक, हे नंबर मी घेतलेले नाहीत, आणि बोटांचे ठसे जुळत नसतील तर ओळख पटवायची दुसरी सोय करावी. खाली लक्ष्मीची मराठीत सही. मग आधारच्या झेरॉक्सवर त्यांनी आडवी रेघ ओढून लिहिलं, फक्त नंबर बंद करण्यासाठी, आणि तारीख घातली. मेघनाला म्हणाल्या, कोरी झेरॉक्स कुणाच्या हातात द्यायची नाही. कशासाठी दिली ते अंगावर लिहायचं, म्हणजे दुसरीकडे चालवता येत नाही.

"दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि सही द्या," त्या रुचाला म्हणाल्या. "मिळेपर्यंत आम्ही बसलो आहोत. घाई नाही."

दीड तास बसल्या. रुचाने आत जाऊन मॅनेजरला आणलं, मॅनेजरने कुठेतरी फोन लावला, लक्ष्मीचा चेहरा कॅमेऱ्यासमोर धरून तपासला. साडेचारला अर्जावर शिक्का पडला. रुचाने स्वतःहून नलूताईंना चहा आणून दिला, आणि मेघनाला फोनवर दाखवलं की आपल्या नावावर किती नंबर आहेत ते सरकारच्या साइटवर कसं बघायचं, न घेतलेला नंबर तिथेच कसा कळवायचा, आणि आधारच्या ठशांना कुलूप कसं लावायचं. गरज लागली की आपणच उघडायचं. मेघनाने तिथेच उभं राहून आईच्या अंगठ्याला कुलूप लावलं.

बाहेर आल्यावर लक्ष्मीला नलूताईंना काय म्हणावं ते सुचेना. ती वाकून पाया पडायला लागली तेव्हा नलूताईंनी तिला दंडाला धरून उभं केलं. रस्त्यात नको, म्हणाल्या.

तिसऱ्या दिवशी दुपारी नलूताई चाळीत आल्या. तीन मजले चढून, दर वळणावर थांबत. दौलत गॅलरीत देठं खुडत होता. त्याने घाईने तोंडावरचा पंचा सोडला आणि स्वतः उठून खुर्ची आणली. गॅलरीतल्या बायका बघत होत्या. राधाने विचारलं, कोण तुम्ही. नलूताई बसल्या, दम खाल्ला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या की ज्यांचे पैसे गेले ती बाई मीच. लक्ष्मीबाईंचं नावही कुणीतरी चोरून नेलं, जशी माझी पेन्शन नेली. पोलिसांत मी तसं लिहून दिलंय. कुणाला शंका असेल तर आत्ता मला विचारा.

राधाने सुपातले धने खाली ठेवले आणि चहा टाकायला आत गेली. थोड्या वेळाने कोपऱ्यातल्या खोलीतले कुशाबा, वय बहात्तर, आपला फोन घेऊन आले आणि मेघनाला म्हणाले, माझ्या नावावर किती ते बघ गो पोरी. दोन निघाले. एक त्यांचा, दुसरा त्यांनी आयुष्यात कधी ऐकला नव्हता. त्यांनीही स्टेशनबाहेर छत्रीखाली दोनदा अंगठा लावला होता. मग सगळ्याच आल्या. संध्याकाळपर्यंत मेघना गॅलरीत बसून एकेकीचा नंबर तपासत होती. नलूताई शेजारी बसून न घेतलेले नंबर आणि नावं कागदावर उतरवत होत्या, गौतमला द्यायला. दौलतने त्या कागदावर शेजाऱ्यांची नावं पुन्हा तपासून पाहिली. हवालदार येऊन गेल्यापासून पहिल्यांदा तो कुणाशी तरी हसून बोलला.

त्या रात्री तो पोटभर जेवला. हात धुता धुता लक्ष्मीला म्हणाला, "त्या दिवशी मी तुका बोललो नव्हतो गो." लक्ष्मी म्हणाली, ठाऊक आहे. ठाऊक नव्हतं, पण आता झालं.

प्रिती आठवड्याने स्वतः मिरच्या घेऊन आली. सासूबाईंचा मसाला येणार नव्हताच, असं तिने खाली बघत सांगितलं. लक्ष्मीने पिशवी घेतली आणि तिला बसायला पाट दिला.

मेच्या अखेरीस गौतमचा फोन आला. चाळीच्या यादीमुळे एकाच छत्रीवरचे अकरा अंगठे जुळले होते आणि त्यावरून तो मिशीवाला शिवडीला सापडला. त्याच्याकडून सिम विकत घेणारे मात्र परराज्यात होते, शोध चालू होता. नलूताईंचे पैसे थोडे बँकेने अडवून धरले होते ते परत मिळणार होते, बाकीचे कधी मिळतील ते सांगता येत नव्हतं. लक्ष्मीला त्याने एक पत्र पाठवलं. त्यात ती तक्रारदार होती.

जूनच्या पहिल्या रविवारी नलूताई मसाला न्यायला आल्या. आकाश भरून आलं होतं, गच्चीवरच्या शेवटच्या मिरच्या लक्ष्मीने सकाळीच उतरवल्या होत्या. मसाल्याची बरणी भरून ती तिच्या तोंडाला कापडाचा दादरा बांधत होती तेव्हा नलूताई म्हणाल्या, एक सांगू. पुण्याच्या मुलाला, नीलला, त्यांनी यातलं काहीच सांगितलं नव्हतं. तो गेली दोन वर्षं म्हणत होता, आई, तुला एकटीला झेपत नाही, इकडे ये. हे कळलं तर दादरचं घर सुटणार. बँकेत, पोलिसांत, सगळीकडे त्या एकट्या गेल्या होत्या. त्या दिवशी बाकावर बसल्या होत्या तेव्हा दोन दिवस त्यांच्या पोटात धड अन्न नव्हतं.

"आणि तुम्ही मला त्रिफळाचं सांगत बसलात," नलूताई म्हणाल्या. "तेवढा अर्धा तास मी सगळं विसरले होते. तुमच्या पाया मीच पडायला हवं."

लक्ष्मीने बरणी बाजूला ठेवली. म्हणाली, आत्ता लावा फोन. मी आहे.

नलूताईंनी फोन लावला. लक्ष्मी त्यांच्या खुर्चीला टेकून खाली बसली. नलूताईंनी सुरुवातीपासून सांगितलं. गोड आवाजाची बाई, आकडा, बँक, पोलीस. कुठेही स्वतःला सावरून घेतलं नाही. नीलने विचारलं, हे कधीचं. नलूताई म्हणाल्या, तीन महिने होत आले. लक्ष्मीने त्यांच्या पायावर हात ठेवला.

नील रडत होता. तीन महिने तू एकटी फिरलीस, आई, एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. तू इकडे ये, असं तो म्हणाला नाही. शनिवारी येतो म्हणाला. मग त्याने विचारलं, आत्ता कुठे आहेस, जेवलीस का.

"लालबागला आलेय, मैत्रिणीकडे," नलूताई म्हणाल्या. त्यांनी खाली बघून लक्ष्मीला विचारलं, "जेवायला थांबू ना?"

लक्ष्मी तांदूळ धुवायला उठली होती.